एका रातीत वीतभर

सात दिवसांचे सात ट्रे हवेत, असं मोबाइलमधली बाई सांगत होती, आणि कुंदाच्या घरात एकही ट्रे नव्हता.

"रोज एक पेरायचा. आठव्या दिवशी पयला कापायचा अन् त्यातच पुन्हा पेरायचं," ती श्रीकृष्णाला समजावून सांगत होती. "म्हणजे खंड पडत नाई. रोज सकाळी अनशापोटी एक गिलास ताजा रस. गव्हांकुर! हिरवं रक्त म्हणतात त्याले."

श्रीकृष्ण ओसरीवर विळ्यांना धार लावत बसला होता. सोयाबीन सोंगणीला आलं होतं.

"रक्त लाल असते," तो मान वर न करता म्हणाला.

"तुमचं असंन. माह्यं तं तेही नाई."

ते मात्र खरं होतं. दारव्ह्याला तपासलं तेव्हा कुंदाचं हिमोग्लोबिन नऊ पॉइंट दोन निघालं होतं. माळ्यावर चढून पायलीभर डाळ काढली तरी तिला धाप लागायची. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या ती नेमानं घेत होती. पण गोळी गिळण्यात पराक्रम तो काय? गव्हांकुरात पराक्रम होता. माती चाळा, दाणे भिजवा, पेरा, झाका, रोज बोटानं मोजा. सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात तिनं घरासाठी पेरलं होतं, बाजारासाठी पेरलं होतं, बैलांसाठीही पेरलं होतं. स्वतःसाठी म्हणून पेरायचं हे पहिलंच पीक.

लेक सुरभी यवतमाळला फार्मसी शिकत होती. ती फोनवर म्हणाली, "आई, पाच ट्रे पाठवते एसटीच्या कंडक्टरजवळ. पण गोळ्या बंद करायच्या नाहीत, आधीच सांगून ठेवते. रस प्यायचा तर वरून पी. कोजागरीनंतर पुन्हा तपासायचं."

"तपास वं तपास! अकराच्या वर नाई गेलं तं नाव बदल माह्यं."

ट्रे यायला दोन दिवस होते. कुंदाला दोन तास धीर धरवत नव्हता. त्यातच घटस्थापना आली. श्रीकृष्णानं घटासाठी शेतातली काळी माती चाळून आणली होती, तिची अर्धी गोणी उरली. माळ्यावर सासूबाईंच्या जुन्या परड्या पडल्या होत्या, त्यातल्या दोन तिनं खाली काढल्या. घटाच्या मुहूर्तावरच एक परडी पेरली, दुसऱ्या दिवशी दुसरी. तिसऱ्या दिवसापासून ट्रे.

सासूबाईंनी, म्हणजे तानाबाईंनी, पंचाहत्तर वर्षांच्या नजरेनं हा सगळा कारभार पाहिला आणि एवढंच विचारलं, "गवत खायले तू का गाय हायेस काय वं?"

पण त्यांना जास्त बोलायला फुरसत नव्हती. नवरात्रात त्यांना मोठं काम असायचं.

तानाबाईंचा घट म्हणजे बोरी अरब गावातल्या त्या गल्लीचं शेती खातं होतं. घटाभोवती त्या पाच परड्या अर्धगोल मांडायच्या. हळदीकुंकवाची बोटं ओढलेल्या, काठाला लाल नाडा बांधलेल्या. गहू, हरभरा, ज्वारी, जवस आणि करडई. अष्टमीच्या संध्याकाळी आरती झाली की जे धान्य सगळ्यांत उंच, ते यंदाच्या रब्बीत लाभणार, असा कौल. पन्नास वर्षांत हा कौल चुकल्याचं कोणाला आठवत नव्हतं. लोक मोबाइलवर पावसाचा अंदाज पाहायचे, मान हलवायचे आणि मग तानाबाईंना विचारायला यायचे.

नऊ दिवस म्हातारी देवघराच्या खोलीतच झोपायची, समई विझू नये म्हणून. घटापुढे लोखंड आणायचं नाही, हा तिचा कडक नेम. विळी नाही, चाकू नाही, टाचणीसुद्धा नाही. आणखी एक खूळ होतं तिला, विहिरींचं. भादवा लागला की ती गाठी मारलेली एक दोरी आणि पितळी गडवा घेऊन निघायची आणि ज्याच्या-त्याच्या मळ्यात जाऊन विहिरीत वाकून पाहायची. "देवीले सात विहिरींचं पाणी लागते," म्हणायची. लोक म्हणत, म्हातारी आहे, पाहू द्या.

तर सातव्या माळेपर्यंत सगळं छान चाललं होतं. कुंदाच्या पहिल्या परडीतला गहू वीतभर झाला होता, हिरवागार, दाट, कंगव्यानं भांग पाडावा असा. ती दिवसातून दहा वेळा त्याच्यावरून हात फिरवायची. श्रीकृष्ण म्हणाला, "लग्नाले पंचवीस वर्षं झाली, माह्या डोक्यावरून असा हात कधी फिरला नाई."

"तुमच्या डोक्यावर एवढं उगवते तरी काय?"

सातव्या माळेच्या दुपारी शेजारच्या पुष्पाची शेळी आली. तिचं नाव शेवंती, स्वभाव सरकारी पाहुण्यासारखा: न बोलावता यायचं, आधी चांगलं असेल ते खायचं. कुंदा कपडे वाळत घालून ओसरीवर येते तो दुसरी परडी साफ, चार ट्रे साफ. उरला तो आजच पेरलेला शेवटचा ट्रे, त्यात अजून कोंबही नव्हता म्हणून. आणि पहिली परडी उंच कोठीवर होती म्हणून.

"पुष्पे, तुही शेळी माह्यं रक्त पिऊन गेली वं!" कुंदा कुंपणावरून ओरडली.

पुष्पाला ते काही केल्या समजेना. ती बिचारी संध्याकाळपर्यंत शेळीचं तोंड उघडून पाहत होती.

मग मात्र कुंदानं धोका पत्करला नाही. वाचलेली परडी तिनं रात्री देवघराच्या खोलीत नेऊन ठेवली, घटाच्या उजव्या हाताला, अगदी कडेला. उद्या पहाटे कापणी. तिला लग्नाच्या आदल्या रात्रीही अशी हुरहुर लागली नव्हती.

पहाटे पाचला ती कैची पदराखाली घेऊन आत शिरली. घटापुढे लोखंड! पण सासूबाई घोरत होत्या, आणि परडी बाहेर नेऊन कापली तर लोखंड घटापुढे आलं असं कसं म्हणता येईल? दिवा लावला असता तर म्हातारी उठली असती. समईच्या मिणमिणत्या उजेडात तिनं उजव्या कडेची परडी उचलली, चोरपावलांनी मोरीजवळ आणली आणि अंधारातच, तोंडानं मंत्र म्हटल्यासारखं "हिरवं रक्त, हिरवं रक्त" करत, करकर कापली.

हाताला गहू जरा बुटका वाटला. पण अंधारात सगळंच लहान वाटतं, असं तिनं स्वतःला सांगितलं. उतावळ्या माणसाला स्वतःचं लगेच पटतं.

मिक्सरवर गोधडी टाकून तिनं तो फिरवला, पंचाच्या फडक्यातून गाळला. गिलासभर होईल वाटलं होतं, निघाला अर्धा. त्यातलाही अर्धा तिनं प्रेमानं नवऱ्याला दिला.

"कसा लागते?"

श्रीकृष्णानं डोळे मिटले, घोट घेतला आणि बराच वेळ उघडले नाहीत. "बांधावर तोंडघशी पडल्यावानी."

"पयल्या दिवशी तसंच लागते."

"अन् दुसऱ्या दिवशी?"

"मंग सवय होते."

कुंदाला मात्र अंगातून काहीतरी सळसळत गेल्यासारखं वाटलं. ती मोबाइलच्या उजेडात आरशापुढे जाऊन आली. गाल गुलाबी दिसत होते. परीक्षा म्हणून माळ्याच्या शिडीवर दोनदा चढली-उतरली. धाप लागली, पण हिरवी धाप लागली असं तिचं मत पडलं. आता परडीत पुन्हा दाणे पेरावेत म्हणून तिनं स्वयंपाकघरातला दिवा लावला.

परडीच्या काठावर हळदीकुंकवाची पाच बोटं होती. काठाला लाल नाडा होता.

कुंदानं परडी दिव्याखाली धरून पुन्हा पाहिली.

झालं होतं ते असं. रात्री आरतीच्या वेळी सुनेची परडी पायात येत होती म्हणून तानाबाईंनी ती उचलून दाराआड सरकवली होती. त्यामुळे उजव्या कडेला उरली होती ती घटाचीच परडी. गव्हाची.

"अहो," कुंदा कुजबुजली, "आपण देवीचा गहू पेलो."

"म्हणजे?"

तिनं परडी दाखवली. श्रीकृष्णाचा चेहरा आधी पांढरा आणि मग, पोटात जे होतं त्याच्याच रंगाचा झाला. "मी अर्धा पेलो?"

"अर्धा कुठं? एक घोट मोरीत थुंकला तुमी, पाह्यलं म्या."

"तो पाप म्हणून मोजू का पुण्य म्हणून?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता. आतून तानाबाईंच्या कुशीवर वळण्याचा आवाज आला. कुंदानं भराभर लाल नाडा सोडला, दाराआड सापडलेल्या आपल्या परडीला बांधला, हळदीकुंकवाची पाच बोटं ओढली आणि ती परडी घटाच्या उजव्या कडेला नेऊन ठेवली. मग पदरानं घाम पुसत चुलीपाशी येऊन बसली. एकच गोष्ट त्या घाईत तिच्या ध्यानात आली नाही: घटाचा गहू काल चार बोटं होता, पिवळट. आता होता तो वीतभर.

सहाला तानाबाई आंघोळ करून फुलं घेऊन आत गेल्या.

"अवं माय! माय माय माय!"

कुंदा धावली. म्हातारी घटापुढे फतकल मारून बसली होती, पदर तोंडाशी, डोळे गव्हावर. नेमकी त्याच वेळी पुष्पा रोजच्यासारखी झेंडूची फुलं घेऊन आली. तिनं गहू पाहिला, तानाबाईंना पाहिलं, आणि फुलांची टोपली तिथंच सोडून दिली.

"काकू! काल तं चार बोटं होता! एका रातीत वीतभर?"

तानाबाई बोलल्या नाहीत.

"बोलत नाईत! देवी आली वं अंगात!" म्हणत पुष्पा जी बाहेर पळाली, ती गल्लीच्या टोकाला जाऊनच थांबली.

आठपर्यंत अंगणात चपलांचा ढीग झाला. नऊपर्यंत फोटो दारव्ह्यापर्यंत पोचले. सुरभीचाही फोन आला, "आई, आपल्या घटाचा फोटो माझ्या मैत्रिणीला तिच्या मावशीनं पाठवला! काय झालं?" कुंदा म्हणाली, "काई नाई, अभ्यास कर." लोक हात जोडायचे, नारळ ठेवायचे आणि जाताना परडीकडे पुन्हा वळून पाहायचे. तानाबाई दगडासारख्या बसून होत्या. कोणी काही विचारलं तर नुसत्या "संध्याकाळी, संध्याकाळी" म्हणायच्या.

इकडे कुंदाच्या पोटात गुडगुड सुरू झाली होती. अनशापोटी गवत प्यायलं की होतं तसं, पण तिला ती देवीची पावलं वाटत होती.

तरीही इथवर ती निभावून नेत होती. घरात चमत्कार झाला तर झाला, दोन दिवसांनी घट उठेल, विषय संपेल. पण दहाच्या सुमाराला पुष्पाचा नवरा बबनराव आला. त्यानं टोपी काढली, गव्हापुढे डोकं टेकलं आणि उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ठरलं! मी तं हरभऱ्याचं बेणं आणून ठेवलं होतं. पोतं आताच गाडीवर बांधलं. संध्याकाळी काकूनं कौल देल्ला की दारव्ह्याले वापस करतो अन् गहू आणतो. पाचही एकर गहू!"

"मीही!" मागून कोणीतरी म्हणालं. "आपणही!"

कुंदाच्या हातातला कुंकवाचा करंडा तिरका झाला.

"भाऊ," ती म्हणाली, "गव्हाले पाच-सहा पाणी लागते. तुमच्या विहिरीत किती राह्यते?"

"वहिनी, जिनं एका रातीत वीतभर उगवला, ते पाणी नाई देणार काय?"

"पण त्या साली..."

"त्या साली म्या माह्या मनानं पेरला होता. काकूचं ऐकलं नाई."

ते साल कुंदाला चांगलं आठवत होतं. ओंबीत दाणा भरायच्या वेळी बबनरावाची विहीर आटली. पुष्पा संक्रांतीला वाण घ्यायला आली नाही. वाळक्या गव्हात जनावरं सोडून ती बांधावर बसली होती, आणि कुंदाच तिला उठवून घरी घेऊन आली होती.

आता तोच गहू, पाच एकर, आणि त्याचं मूळ कुंदाच्या परडीत.

तिनं श्रीकृष्णाला गोठ्यात गाठलं. "सांगून टाकतो सगळ्याइले."

"काय सांगतं? का देवीचा गहू मिक्सरमधून काढला म्हणून? माय उभी राहणार नाई लोकाइपुढं. पन्नास वर्षांचा घट हाये तो."

"अन् बबनभाऊची विहीर?"

श्रीकृष्णानं बैलाकडे पाहिलं. बैलालाही काही सुचत नव्हतं.

दुपारी लोक जेवायला पांगले. तानाबाईंनी "जरा पडतो" म्हणून देवघराच्या खोलीचं दार लोटून घेतलं. कुंदा अर्धा तास थांबली. मग तिनं पुन्हा कैची पदराखाली घेतली. विचार सोपा होता: गव्हाचे शेंडे छाटायचे, हरभऱ्याच्या खाली आणायचे. एका रात्रीत वाढला तो एका दुपारी सुकला, असं म्हणता येईल. मागच्या दारानं ती पाय न वाजवता आत गेली.

तानाबाई झोपलेल्या नव्हत्या. घटापुढे उकिडव्या बसल्या होत्या. डाव्या हातात गव्हाची एक जुडी, उजव्या हातात सुपारीचा अडकित्ता.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"आत्याबाई! घटापुढं लोखंड?"

"हळू बोल. तुह्या पदराखाली काय हाये?"

कुंदानं कैची बाहेर काढली. तानाबाईंनी अडकित्त्याकडे पाहिलं, कैचीकडे पाहिलं. "कैचीनं बरं होईन," त्या म्हणाल्या. "अडकित्त्यानं धड कापत नाई."

"पण तुमी कायले कापून राह्यल्या? कौल..."

"कौल!" म्हातारी फुस्सकन हसली आणि लगेच घटाकडे पाहून गप्प झाली. "आता तुह्यापासून काय लपवू? वं पोरी, ज्या धान्याले म्या रोज दोन तांबे पाणी घातलं, तेच उंच झालं. पन्नास वर्षं. देवी सांगते, मान्य. पण तिच्या परडीत पाणी कोण घालते?"

कुंदाला एकदम ती गाठींची दोरी दिसली. "मंग विहिरी..."

"विहीर पाह्यल्याबिगर कोणाले काय पेर म्हणून कसं सांगाव? यंदा बबनच्या विहिरीत तीन गाठी पाणी हाये. तीन गाठीत गहू होते काय? म्या हरभऱ्याले तान्ह्या लेकरावानी पाजलं आठ दिवस. गव्हाले नुसतं बोट बुडवून शिपडलं. अन् सकाळी येऊन पाह्यतो तं..." त्यांनी गव्हाकडे बोट केलं. "म्हणलं, देवीनं पकडलं मले. म्हणलं, लय दिवस खोटं चालवलं तानाबाई, आता भोग."

"तं मंग सरळ सांगत काहून नाई लोकाइले, का विहिरीत पाणी नाई म्हणून?"

"सांगतलं होतं. पयल्याच साली, बबनच्या बापाले. विहिरीचं पाणी उतरून राह्यलं, म्हणलं, गहू नको पेरू. हासला तो. म्हणे सून नवी हाये, शेती शिकवून राह्यली. दुसऱ्या साली तेच घटानं सांगतलं, तं टोपी काढून ऐकलं."

कुंदानं कैची खाली ठेवली. मग तिनं सगळं सांगितलं. दाराआडची परडी, मोरी, मिक्सरवरची गोधडी. "तुमचा गहू म्या पेला, आत्याबाई. अर्धा यायनं."

तानाबाईंचे खांदे हलायला लागले. कुंदाला वाटलं रडतात. पण म्हातारी हसत होती, आवाज न करता, इतकी की अडकित्ता हातातून पडला. "म्हणजे देवी नाई रागावली?"

"पोटात जराशी गुडगुडते."

"ते गवत हाये. देवी नसते गुडगुडत." त्यांनी डोळे पुसले. "तरी म्हणलं, नाड्याची गाठ अशी उलटी कशी झाली. बरं, आता हे कापून भागत नाई. गावभर फोटो गेले. इथं कैची लागली तं फोटो काढून मोजतीन मेले."

दोघी गव्हाकडे पाहत बसल्या. वीतभर, हिरवा, दाट. खिडकीबाहेर कुठंतरी ओळखीचा आवाज झाला: "बेंऽऽ."

सासूनं सुनेकडे पाहिलं. सुनेनं सासूकडे.

"शिर्कृष्णाले बोलाव," तानाबाई म्हणाल्या. "त्यानं पेला नं अर्धा? मंग थोडं कामही करू दे."

संध्याकाळी आरतीला पाय ठेवायला जागा नव्हती. बबनराव पुढेच उभा होता. बेण्याचं पोतं दाराबाहेर मोटारसायकलवर करकचून बांधलेलं. टाळ थांबले, कापूर विझत आला, तानाबाईंनी डोळे मिटले. कुंदाचे डोळे दाराकडे.

शेवंती आली. तिच्या गळ्यातलं दावं कोणी सोडलं ते कोणाला दिसलं नाही, कारण सगळे देवीकडे बघत होते आणि श्रीकृष्ण गर्दीच्या मागे अत्यंत भक्तिभावानं टाळ्या वाजवत होता. शेळी लोकांच्या पायांतून वाट काढत थेट घटापाशी पोचली, गव्हाला नाक लावलं, हुंगलं.

आणि तोंड फिरवलं.

काल चार ट्रे आणि एक परडी खाल्लेली शेळी! तिला गव्हांकुराचा कंटाळा आला होता. शेवंतीनं शेजारी पाहिलं. कोवळा, लुसलुशीत हरभरा. तिनं मान लांब केली.

पंचाहत्तर वर्षांची तानाबाई त्या क्षणी ज्या चपळाईनं हलली, तशी ती गेल्या वीस वर्षांत हलली नव्हती. हरभऱ्याची परडी उचलून तिनं ओटीत घेतली आणि वर पदर पांघरला. शेवंतीनं निराश होऊन तिच्याकडे पाहिलं, उसासा टाकला, आणि नाइलाजानं गहू खायला सुरुवात केली.

"शेवंते! मेली तू!" पुष्पा ओरडत धावली.

"थांब!" तानाबाईंनी हात वर केला. डोळे अजून मिटलेलेच. "कोणी हात लावू नका तिले."

सगळी खोली श्वास रोखून एका शेळीचं जेवण पाहत होती. ती सावकाश जेवली. शेवटची काडी संपली तेव्हा तानाबाईंनी डोळे उघडले.

"पाह्यलं बबन? यंदा गहू वाढंन. एका रातीत वीतभर वाढंन. पण दाणा माणसाच्या घरात नाई यायचा. जनावर खाईन."

बबनरावानं टोपी काढली. "अन् हरभरा, काकू?"

तानाबाईंनी पदर बाजूला केला. ओटीत हरभरा हिरवागार उभा होता. "हरभरा तिनं ओटीत घातला. आता याच्यावर अजून काय सांगू?"

टाळ एकदम वाजायला लागले. बबनरावानं गव्हाच्या रिकाम्या परडीपुढे डोकं टेकलं, मग हरभऱ्यापुढे, मग भीतभीत शेवंतीपुढेही. बाहेर जाऊन त्यानं मोटारसायकलवरचं पोतं सोडलं आणि खांद्यावर टाकून घरात नेलं. पुष्पा मागून जाताना कुंदाच्या कानाशी लागली, "वहिनी, काल तुमी म्हणत होत्या नं शेळीनं रक्त पेलं म्हणून, तवाच देवी आली होती काय वं तिच्यात?"

"असंन बाप्पा," कुंदा म्हणाली. "भूक तं तशीच होती."

दसऱ्याला घट उठला. सोनं वाटून झाल्यावर तानाबाईंनी कुंदाला खोलीत बोलावलं आणि ती गाठींची दोरी तिच्या हातात ठेवली. गाठी पन्नास वर्षांच्या ओल्या हातांनी गुळगुळीत झाल्या होत्या.

"पुढच्या भादव्यात विहिरी तू पाह्य. मले आता वाकवत नाई."

"मी?" कुंदाला हसू आलं. "मले तं माळ्यावर चढलं का दम लागते, आत्याबाई. बबनभाऊचा मळा केवढ्या दूर!"

"म्हणून तं म्हणतो. वर्ष हाये तुह्याजवळ. गोळ्या खाय, गवत पे, काय करायचं ते कर."

दुसऱ्या दिवशी पहाटे कुंदा उठली ती शेळीच्या तावडीतून वाचलेला तो एकुलता एक ट्रे पाहायला. ओसरीवर ट्रे नव्हता. शेवंती? ती दिवा न लावता घरभर शोधत सुटली, आणि देवघराच्या दारात थांबली.

घट उठल्यावर रिकाम्या झालेल्या जागी, समईशेजारी, तिचा ट्रे ठेवला होता. कालपेक्षा कोंब बोटभर उंच दिसत होते. काठाला लाल नाडा होता, गाठ अगदी सरळ. आणि माती चिंब ओली होती. दोन तांबे तरी पाणी घातलेलं असावं.

पलीकडे तानाबाई घोरत होत्या, झोपलेल्या माणसापेक्षा जरा जास्तच मोठ्यानं.